टोचलेल्यांचा खाऊ

सौंसरच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर मोरेश्वररावांनी गिनीपिगांचे दोन पिंजरे ठेवले होते. एका पिंजऱ्यातल्यांना लस टोचायची, दुसऱ्यातल्यांना नाही, आणि मग रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतू मारायला मदत करणारं द्रव्य, कोणाचं वाढतं ते बघायचं.

टोचलेल्यांचं दुप्पट निघालं. आनंदानं डॉक्टरांना जेवण जाईना. तेवढ्यात कळलं, की त्यांच्या पत्नी विजयमालाबाई दया येऊन टोचलेल्यांना रोज संत्री चारत होत्या.

"अगं, संत्र्यानंच रक्त सुधारलं त्यांचं," डॉक्टर कडाडले. "यापुढे टोचलेल्यांना एक फोडही द्यायची नाही."

बाईंनी मान डोलावली.

नवे गिनीपिग आले, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तोवर राज्यांची उलथापालथ होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशातच उरलं, आणि निकाल बघायला भोपाळहून नवे साहेब जातीनं आले.

या वेळी न टोचलेल्यांचं दुप्पट निघालं.

"डॉक्टर साब," साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "टीका लगाने से ताकत घटती है क्या?"

डॉक्टरांनी चहा घेऊन आलेल्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहून राहिले? तुमी म्हटल्यापासून टोचलेल्यायले एक फोड नाही देली मी," बाई म्हणाल्या.



"सारी संत्री बाकीच्यायलेच चारली."