भलतीच फांदी

बाबांनी पाठीमागचा हात पुढे केला आणि लेक दचकली. फांदी भलतीच होती!

लग्न करायचं तर याच्याशीच, असं तिने ठरवलं होतं. हा म्हणजे लहान मुलांचा दंतवैद्य. आठवडाभर तिने त्याच्याकडून नुसती घोकंपट्टी करून घेतली होती. मूळची ऑस्ट्रेलियाची निलगिरी, तिच्या जाती शेकडो, पण बाबांची लाडकी एकच, ग्लोब्युलस. पानं विळ्यासारखी, एकाआड एक, खाली लोंबणारी. कळी एकेकटी, चार कंगोऱ्यांची, वर खडबडीत टोपी. बिचारा दात काढता काढतासुद्धा पुटपुटायचा.

बाबा वनस्पती उद्यानाचे प्रमुख. ज्याला झाड ओळखता येत नाही तो माणसं काय ओळखणार, हे त्यांचं ठाम मत. म्हणून होणाऱ्या जावयाने फांदी पाहून झाड ओळखायचं, ही त्यांची अट. ते नाही म्हणाले तरी लग्न ती करणारच होती. पण बाबांनी लग्नात तोंड पाडून बसावं, हे तिला सोसणार नव्हतं.

आणि आता ही फांदी! पानं गोलसर, निळी-पांढरी, समोरासमोर जोडीने डहाळीला चिकटलेली. कळीचा पत्ता नाही. तिला उत्तर येत होतं. लहानपणापासून पाहिलेली पानं ती. इतकी ओळखीची, की शिकवायचीच राहून गेली.

"हं डॉक्टर, ओळखा," बाबा मिशीत हसले. "आणि तू गं, डोळ्यांनी खुणा करू नकोस."

डॉक्टरने पान चुरगळून हुंगलं. चौकोनी डहाळीवरून बोट फिरवलं. शेंड्याशी मात्र तो थबकला. तिथलं एकच पान लांबुडकं व्हायला लागलं होतं. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"काका, ही तर दुधाची पानं!"

"काय?"

"दुधाचे दात असतात ना, तशी. ही पडणार आणि मग कायमची येणार, विळ्यासारखी. हे बघा, एक यायला लागलंय! झाड तेच, ग्लोब्युलस. हिने मला नुसती मोठ्या झाडाची फांदी पाठ करायला लावली होती."

झालं! त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाबा लेकीकडे वळले.

"कार्टे, पेपर फोडलास?"

तिने मान खाली घातली. बाबा फांदी उचलून तरातरा बाहेर निघून गेले.

"कुणी सांगितलं होतं रे तुला खरं बोलायला?" ती त्याच्यावर करवादली, आणि मग तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धास्तावूनच उद्यानात गेली. बाबा निलगिरीच्या बुंध्याशी उकिडवे बसून नवी पाटी रोवत होते. रंग अजून ओला होता. वर जातीचं नाव होतं आणि खाली बाबांचं सुबक अक्षर: "हिच्या कोवळ्या गोल पानांना आमचे जावई दुधाची पानं म्हणतात."