राखणदाराची शपथ

"पर्स तरी खाली ठेव," सुलू म्हणाली. "पाहुणी आहेस का?"

संचितानं पर्स मांडीवरच ठेवली.

इंद्रलोक वसाहतीतल्या त्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत सुलूच्या नवऱ्याला, लवूला, जुन्या साडीनं बांधून बसवलेलं होतं. त्याचे हात सारखे नाचत, मान डोलत राही. बोलणं दोन वर्षांपूर्वी गेलं, समजणं मात्र राहिलं होतं. सुलू त्याला लहान मुलाच्या झाकणाच्या पेल्यातून चहा पाजत होती.

"अंगठी कुठाय गं?"

"सैल होते. पर्समध्ये आहे."

"साखरपुड्याची अंगठी काढतात काय? परागच्या आईनं बघितलं तर?"

"आई, लग्नाचं राहू दे जरा."

सुलूचा हात थांबला.

लवूचा बाप असाच गेला होता, थोरली बहीणही अशीच. गावच्या वेशीवरचा राखणदार कोपलाय, असं लोक म्हणत. पंचवीस वर्षं सुलू दर शिमग्याला राजापूरला जाऊन त्याला कोंबडा देत आली. मग डॉक्टरनं सांगितलं, कोंबड्यानं हे जायचं नाही, रक्तातून येतं. बापाला असलं तर लेकराला निम्मी शक्यता. तपासणी केली की कळतं.

"तपासणीच्या नादाला लागू नकोस," सुलू म्हणाली.

"आई, ऐक ना..."

"तुला गरजच नाही." तिनं पेला खाली ठेवला. "तू ह्यांची नाहीस."

संचितानं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"लग्नानंतर मी स्टीलच्या कारखान्यात जायचे. तिथं पॉलिशवाला होता एक, काशीनाथ. पुढं गावी गेला. आणखी विचारू नकोस."

"बाबांसमोर बोलतेस हे?"

"त्यांना ठाऊक आहे. विचार."

लवू बायकोकडे बघत होता. त्याची मान हलली. तो होकार होता की रोजचंच डोलणं, कोण सांगणार?

"खोटं वाटत असेल तर राखणदाराची शपथ घेते."

"नको आई! शपथ नको!"

पण सुलूनं देव्हाऱ्यातल्या राखणदाराच्या नारळावर हात ठेवला होता. खोटी शपथ घेणाऱ्याला तो वर्षाच्या आत नेतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्याचं नाव घ्यायचं तर ती आधी पायातली चप्पल काढायची. तिनं शपथ पुरी घेतली, कुठंही न अडखळता.

संचितानं उठून आईला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. मग बाबांचा नाचता हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"म्हणजे मी सुटले म्हणायची," ती म्हणाली.

"सुटलीस बाय माझी!" कित्येक महिन्यांनी सुलू हसली. "नाक तरी कुठाय तुझं ह्यांच्यासारखं? परागला सांग, मुहूर्त काढा म्हणावं."

"सांगते."

खाली रिक्षात बसल्यावर संचितानं पर्स उघडली. आत अंगठी नव्हती. ती तिनं शुक्रवारीच परागला परत केली होती. आत होता तो गुरुवारी हातात पडलेला रक्ततपासणीचा रिपोर्ट. सहा वर्षांपूर्वी लवूच्या नावापुढे जे लिहून आलं होतं, तेच त्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं.