मायभूमीचा विस्तव

शेकोटीत लाकूड सारताना म्हातारीने मान वर केली नाही. मायभूमी सोडल्यापासून टोळीने तिथला विस्तव विझू दिला नव्हता. पोकळ शिंगात, राखेखाली जपत, मुक्कामामागून मुक्काम करत तो इथवर आणला होता. त्याच्या पाया पडल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नसे. तो सांभाळायचं काम म्हातारीकडे.

"उद्या टेकडीपलीकडच्या त्या जाड भुवयांच्या लोकांना हाकलायचं," हात शेकत म्होरक्या म्हणाला. म्होरक्या म्हणजे तिचाच लेक. "त्यांची सावलीसुद्धा नको. आपला विस्तव सोवळ्यातला, थेट मायभूमीचा!"

"अरे, पण ते इथलेच. आपण परवा आलो."

"म्हणून काय झालं?"

म्हातारीला राहवेना. "बाबा रे, नदी ओलांडताना शिंगात पाणी शिरलं. तुझा मायभूमीचा विस्तव तिथेच विझला. पोरं थंडीने काकडत होती, तेव्हा त्यांच्यातल्याच एका बाईने मला निखारे दिले."

म्होरक्याने विस्तवाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं; हात काही मागे घेतले नाहीत.

"ऐकलंत ना?" तो टोळीकडे वळून गरजला. "आपला विस्तव लपवून बसले होते, चोर लेकाचे!"