उजेड डोक्याच्या बाजूनं

"वहिनी, एकदा रडून मोकळ्या व्हा," धाकटे दीर पुन्हा म्हणाले. कुमुदिनीबाईंनी नुसती मान हलवली. रडू येतच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार?

दुपारी गेलेल्या नवऱ्याला जमिनीवर निजवलं होतं. मुलगा अजून वाटेतच होता. दिवेलागणीलाच वीज गेली. उशाशी ठेवलेली पणती खिडकीच्या वाऱ्यानं विझायला लागली, म्हणून दिरांनी ती पायाशी सरकवली. खालून येणाऱ्या त्या उजेडात गाल खोल गेले, कपाळ दिसेनासं झालं. कुणी परकाच माणूस घरात आणून ठेवलाय, असं त्यांना वाटत राहिलं.

नवऱ्याला जुनी नाणी जमवायचं वेड. त्या नाण्यांचे फोटो काढताना दिवा धरायचं काम कायम कुमुदिनीबाईंकडे. हात जरा खाली आला की ते खेकसायचे, "अगं, खालून उजेड दिलास तर राजाचं तोंड खड्ड्यात जातं! डोक्याच्या बाजूनं धर, जरा डावीकडून."

त्या उठल्या. पणती घेऊन उशाशी बसल्या आणि तळव्याचा आडोसा करून ती डावीकडून उंच धरली. कपाळ उजळलं, नाक वर आलं. आता ते ओळखू आले.

"ठेवा वहिनी, हात भरून येईल."

हात केव्हाच भरून आला होता. तरी त्या हलल्या नाहीत. फोटो निघाला की "झालं, ठेव खाली," असं तेच म्हणायचे.