तांदुळजाचा वाफा

तेरखेड्याच्या कारखान्यात दिवसभर फटाक्यांत दारू ठासून आलेली शिवकन्या थेट उंबरा ओलांडायची नाही. लेकीचं पोट सारखं दुखतं म्हणून कळंबला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "ती भुकटी घरात येऊ देऊ नका. लहान जीवाला विष आहे ते." तेव्हापासून ती आधी परसातल्या न्हाणीत शिरायची, अंग खसाखसा घासायची, नखं कोरायची, साडी तिथंच धुऊन टाकायची आणि मगच लेकीला जवळ घ्यायची.

तरी पोर वाळतच चालली होती.

"आत्याबाई, आता आणखी काय करू वो?" तिनं रडत सासूला विचारलं.

"तू लई जपतीस, पोरी. तिच्या अंगात रगतच न्हाय. पालेभाजी चारत जा तिला रोज," म्हणत धुरपदाबाईंनी परसातला तांदुळजा खुडून आणला. शिवकन्येनं पुन्हा एकदा हात धुतले आणि लेकीला भाजीभाकरीचा घास भरवला.

सारं गाव टँकरवर होतं. तेवढा एक वाफा उन्हाळाभर हिरवागार होता, शिवकन्येच्या न्हाणीच्या पाण्यावर.