राळेचा धूर

धूर वर जायच्याऐवजी खाली उतरला. स्टेजवरच्या घमेल्यात निखारे होते. चिमूटभर राळ टाकायची, तर गिरिधरनं मूठभर टाकली. अमेरिकेतल्या एका बँडच्या तबकडीच्या वेष्टनावर तसं चित्र होतं : धुराचे लोट आणि त्यात गिटारवाला. तो बँड म्हणे दोनच वर्षं टिकला, पण त्याच्यापुढं माणसांचा समुद्र लोटायचा. नागपूरच्या या मैदानात दोनेक हजार माणूस होतं, आणि गिरिधरच्या बँडचा हा तिसराच कार्यक्रम.

राळेचा भडका उडून मागचा पडदा पेटला. ड्रमवरच्या ओमप्रकाशनं तो ओढून पायानं तुडवला, विझवला. पण तेवढ्यात कुणीतरी भिऊन मेन स्विच पाडला. दिवे गेले. माइक मेला. अंधारात आरोळी उठली, "आग!"

"अबे गिरिधर, बाया गेटवर चेंगरून राहिल्या ना बे!" ओमप्रकाश ओरडला.

मैदानाभोवतीच्या कापडी कनातीला गेट एकच. बायांची बसायची जागा त्याच्याच तोंडाशी. तिथं त्याची माय होती, अंजनाबाई. पोराचं गाणं ऐकायला खाप्याहून पहिल्यांदाच आलेली. गुडघ्यांनी अधू. पडली तर उठायची नाही.

"बसा! विझली आग!" तो ओरडत राहिला. कोण ऐकतं? तिकडं बांबू कडाडला. गिरिधरनं ओरडणं थांबवलं. आणि मग त्याच्या तोंडून मायच्या जात्यावरची ओवी निघाली.

"कन्हानच्या पुरामंदी नाव माझी डोले वं..."

ओवी उभ्यानं म्हणत नाहीत. बाई आधी बसते, खुंटा धरते, मग गाते. दुसऱ्यांदा ओळ घेतली तशी गेटजवळची कुणी बाई तिच्यात सूर मिसळून खाली बसली. मग तिच्या शेजारची. बांगड्या वाजत गेल्या. लोंढा थबकला.

पण पुढची ओळ कुणाला येत नव्हती. ती मायनं स्वतः जोडलेली होती. गिरिधर गेटकडे कान लावून उभा राहिला. तिकडून ती आली नाही. तो अंधारात चाचपडत पायऱ्यांकडं निघाला.

"पैलतीरी बाळ माझं मायसंगं बोले वं."

ओळ त्याच्या पायापाशी उमटली. खोकत, धापा टाकत. स्टेजच्या पायऱ्यांवरून, अगदी धुराच्या पोटातून.

तो खाली वाकला. दोन हात त्याचं तोंड, केस, खांदे चाचपत होते.

"माय! तू गेटकडं नाई गेली?"

"आग तं इकडं होती ना बाप्पा," अंजनाबाई म्हणाली, "मंग मी तिकडं काहून जाऊ?"