अकरावा टेक

"चुकलं मावशी! परत!" शौनक दहाव्यांदा ओरडला, आणि फाट्यापर्यंत गेलेला कांद्याचा ट्रक वळून पुन्हा नळदुर्गच्या ढाब्यासमोर येऊन थांबला.

सिताबाई या ढाब्यावर भाकऱ्या थापते. ट्रकवर तिचाच मल्हार. मल्याळी सिनेमावाल्यांना म्हणे खऱ्या ड्रायव्हरची खरी आईच हवी होती, आणि बोलीही तिचीच. त्यांच्याकडे सिनेमातली माणसं आपापल्या गावासारखीच बोलतात. प्रसंग एवढाच, की मुलगा गाडी घेऊन निघतो आणि आई त्याला निरोप देते. चित्रण आटोपलं की मल्हारला हाच कांदा खरोखर कोचीला पोचवायचा होता. उन्हानं सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"कागदावर 'जा बाळा' आहे. तुम्ही दर वेळी 'ये' म्हणताय," शौनक म्हणाला. तुळजापूरचा हा शिकलेला पोरगा संवाद तपासायला नेमला होता, आणि तपासायची त्याला भारी हौस.

"निघालेल्या लेकराला 'जा' कसं म्हनू? म्या न्हाय म्हननार. दुसरी आई बगा."

मल्हारनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "माय, उशीर व्हायलाय गं मला."

छत्रीखालून दिग्दर्शिका उठून आली. काय अडलंय, तिनं इंग्रजीत विचारलं. शौनकनं सांगितलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"आमच्याकडेही निघणारा 'जाऊन येतो' म्हणतो. माझ्या मल्याळी कागदात आई 'जाऊन ये'च म्हणते. 'जा' कुणी केलं?"

इंग्रजीवरून मराठी शौनकनंच केलं होतं. घरून निघताना त्याची आईही त्याला रोज 'ये' म्हणते. पण ते कागदावर लिहायचं असतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. तो कागदाची घडी घालत उभा राहिला.

अकराव्या वेळी सिताबाई मनासारखं म्हणाली, "जाऊन ये रं मल्हारा."

"ओके!" दिग्दर्शिका म्हणाली. सुटलो एकदाचे, म्हणत माणसं वायरी गुंडाळायला लागली. ट्रक फाटा ओलांडून दिसेनासा झाला.

सिताबाई मात्र रस्त्याकडे तोंड करून उभीच.

"मावशी, झालं काम. सावलीत या," शौनक म्हणाला.

"थांब जरा. महिन्या-महिन्यानं तोंड दावतंय लेकरू. आज सकाळधरनं धा डाव माघारी आलंय," ती म्हणाली. "बगते अजून एक डाव."